वासाचें कुंपण

बागाइतीच्या धंद्यांत अधूनमधून एखादें झाड असें येतें कीं, त्याच्या फुलाफळांपेक्षां त्याच्याविषयींच्या बोलण्याचाच बाजार अधिक भरतो. सांप्रत तसें एक झाड आहे. तें तुळशीच्या कुळांतलें, गुडघ्याइतक्या उंचीचें, मांसल पानांचें व निळसर तुऱ्यांचें आहे. त्याच्या पानांस उग्र दर्प येतो. हा दर्प कुत्र्यांस व मांजरांस सोसत नाहीं, सबब वाफ्याच्या कडेनें हीं रोपें लावलीं म्हणजे तीं जनावरें बागेंत पाऊल टाकीत नाहींत, असें विकणारे सांगतात. युरोपांत हें रोप गेलीं कित्येक वर्षें विकलें जात आहे. आणि घरबसल्या मागविलेलीं रोपें दारापर्यंत येऊं लागल्यापासून आपल्याकडील बागाइतदारांच्या कानींही ही कीर्ति पडूं लागली आहे. मिरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दींत ज्यांची अजून भाजीची किंवा फुलांची जमीन आहे, अशा वाचकांस ह्या झाडाचा मोह पडणें अगदीं स्वाभाविक आहे. कारण मोकाट कुत्र्यांचा उपद्रव किती असतो हें त्यांस सांगावयास नको. म्हणून ह्या विषयावर चार शब्द स्पष्टपणें लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें. आमचें मत आधींच सांगून टाकतों. हें झाड हौसेनें लावण्यास कोणतीही हरकत नाहीं. परंतु कुंपण म्हणून त्यावर एक पैही खर्च करूं नये.

प्रथम ह्या झाडाचें कुळ पाहूं. व्यापारांत त्यास ‘कोलियस कॅनिना’ म्हणतात. कॅनिना हा लॅटिन शब्द असून त्याचा अर्थ ‘कुत्र्याचें’ एवढाच होतो. त्यावरून कुत्रें पळतें कीं येतें हें कांहींच ठरत नाहीं. रोथ नांवाच्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानें १८२१ सालीं हिंदुस्थानांतील वनस्पतींवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत ‘प्लेक्ट्रँथस कॅनिनस’ ह्या नांवानें ह्या जातीचें वर्णन आलें. म्हणजे परदेशी नवलाई म्हणून जें रोप आज विकलें जातें, त्याचें नांव आपल्याच देशांतील एका रानटी झुडपावरून पडलेलें आहे. तें पूर्व आफ्रिकेंतही आढळतें. पुढें जर्मनींतील रोपवाटिकांनीं त्याची ख्याति केली. तेथें तें ज्या नांवानें खपतें, त्याचा अर्थ सभ्य भाषेंत ‘चालता हो’ असा करतां येईल. मूळ शब्द ह्या मासिकांत छापण्याजोगा नाहीं. त्याच नांवाखालीं दक्षिण आफ्रिकेकडील एक-दोन भाऊबंद जातीही विकल्या जातात, आणि दिसण्यांत त्या इतक्या सारख्या असतात कीं, आपण पैसे नक्की कोणत्या झाडाचे दिले हें घेणाऱ्यास सहसा कळत नाहीं.

ह्या झाडाचे सख्खे भाऊबंद आपल्या परसांत पूर्वींपासून आहेत. ज्याच्या पानांचीं भजीं आपण खातों तो पानओवा ह्याच गणांतला. माईनमूळही त्यांतलेंच, गुजराथेंत त्याचीं मुळें गरमर ह्या नांवानें लोणच्यांत घालतात. एकाच घराण्यांतील एका पानाचा वास आपल्या तोंडास पाणी आणतो व दुसऱ्याचा नाक मुरडावयास लावतो. ह्यावरून वाचकांच्या ध्यानांत येईल कीं, घाण आणि सुवास हा भेद झाडाच्या अंगीं नसून हुंगणाराच्या नाकांत असतो. हा मुद्दा पुढें उपयोगीं पडणार आहे.

आतां वास कसा सुटतो तें पाहूं. पानांच्या व कोंवळ्या देंठांच्या अंगावर अतिसूक्ष्म ग्रंथि असतात, आणि त्यांत हवेंत उडून जाणारें तेल सांठलेलें असतें. पान चुरगळलें किंवा कोणी त्यास घासून गेलें म्हणजे ग्रंथि फुटतात व दर्प दरवळतो. कडक उन्हांत पान तापलें तरीही थोडा वास येतो. परंतु रात्रींच्या गारव्यांत, कोणाचाही स्पर्श न होतां स्वस्थ उभ्या असलेल्या झाडाचा वास हातभर अंतरावरही मंदच असतो. आणि बागेंत मांजराची फेरी बहुधा रात्रींची किंवा पहाटेची. ज्या वेळीं पहारा हवा, त्याच वेळीं पहारेकरी निजलेला असावा, त्यांतला हा प्रकार आहे. शिवाय मांजर हें जनावर अंग चोरून, पाऊल जपून चालणारें; दोन रोपांमध्यें वीतभर वाट असली तरी पानास न शिवतां तें पलीकडे जातें.

ह्यांत आपल्या कोंकणपट्टीच्या पावसाची भर घाला. ह्या भागांत जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. हें झाड मांसल पानांचें, कोरड्या व निचऱ्याच्या जमिनींत सुखानें वाढणारें. पाय पाण्यांत राहिला कीं तें कुजतें. खाचराच्या मेरेवर किंवा सखल वाडींत तें पावसाळा काढील अशी आशा करूं नये. म्हणजे वर्षांतील चार महिने कुंपण धुऊन निघालें, व उरलेल्या आठ महिन्यांत तें केवळ दिवसा उन्हांत काम करतें, असा हिशेब होतो.

आणि कुत्र्याच्या नाकाविषयीं तर आपण फारच भोळी समजूत करून घेतलेली दिसते. कुत्र्याचें नाक आपल्याहून अनेक पटींनीं तीक्ष्ण आहे, म्हणून आपणांस जी घाण वाटते ती त्यास अनेक पटींनीं असह्य होत असेल, अशी ही तर्कपद्धति आहे. परंतु उत्तन, पाली, चौक ह्या कोळीवाड्यांकडे जाणाऱ्या वाचकांनीं जें डोळ्यांनीं पाहिलें आहे तें त्यांनीं आठवावें. बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत आहेत, खालीं गळलेली मासळी कुजत आहे, परगांवचा पाहुणा नाकास पदर लावून चालला आहे. आणि त्याच कुजक्या मासळीवर कुत्रें पाठ घासून आनंदानें लोळत आहे. ज्या जनावराच्या सुगंधाची कल्पना ही, त्यास आपल्या नाकानें निवडलेली घाण दाखवून हांकून लावूं म्हणणें कितपत शहाणपणाचें? अपरिचित वासानें जनावर पहिल्या एक-दोन दिवशीं बिचकतें, थबकतें, हुंगून परत जातें, हें खरें आहे. आणि हीच पहिल्या आठवड्याची हकीकत विकणारे सांगत सुटतात. पुढें त्या वासापासून आपणांस कांहीं अपाय होत नाहीं असें त्यास कळून येतें, व तो वास त्याच्या लेखीं चिंचेच्या किंवा शेवग्याच्या वासासारखाच होतो. बुजगावण्याच्या खांद्यावर कावळा बसलेला कोणी पाहिला नाहीं?

येथें कोणी अनुभवी शेतकरी आक्षेप घेईल कीं, वासाच्या झाडांचा उपयोगच नसता तर आपल्या वाडवडिलांनीं बांधावर अडुळसा आणि निर्गुडी कां लावली? हा आक्षेप योग्य आहे, आणि त्याच्या उत्तरांतच सगळ्या प्रश्नाची किल्ली आहे. अडुळसा, निर्गुडी, शेर, घायपात, निवडुंग हीं झाडें बांधावर लावतात तीं गुरें व शेळ्या त्यांस तोंड लावीत नाहींत म्हणून. शेळीस बांधावरचें झाडच खावयाचें असतें. तें कडू लागलें, उग्र लागलें कीं ती सोडून देते. झाड वांचतें, वाढतें, दाट होतें, आणि मग त्या दाटीमुळें कुंपण तयार होतें. शेताचें रक्षण दाटी करते, कांटा करतो, चीक करतो. वासानें झाड आपल्यापुरतें आपलें रक्षण करून घेतें, एवढेंच त्याचें काम. निर्गुडीचीं दोन-दोन हातांवर सुटीं झाडें लावून मधल्या मोकळ्या जागेंतून शेळी आंत शिरणार नाहीं असें आमच्या आजोबा-पणजोबांपैकीं कोणी कधीं म्हटलें नाहीं.

कुत्रें व मांजर तर झाड खावयास येतच नाहींत. झाडाची चव कशीही असो, वास कसाही असो, त्यांस त्याच्याशीं कर्तव्य नसतें. तीं ज्यासाठीं येतात तें दुसरेंच कांहीं असतें, आणि तें बहुतकरून आपणच तेथें मांडून ठेवलेलें असतें. तेव्हां ‘काय लावलें म्हणजे हीं जातील?’ हा प्रश्न सोडून ‘काय ठेवलें म्हणून हीं येतात?’ हा प्रश्न जमीनधारकानें स्वतःस विचारावा.

धारावी बेटाकडे पाहूं. (मुंबईंतील धारावीशीं ह्याचा घोटाळा करूं नये, भाईंदरच्या पश्चिमेस राई, मुर्धे, डोंगरी, उत्तन हीं गांवें ज्या पट्ट्यांत आहेत त्याचें हें जुनें नांव.) किनाऱ्यावरील गांवांतून नारळास, भाजीस मासळीचें खत घालण्याची चाल जुनी आहे, व खत म्हणून तें उत्तमच आहे. परंतु अर्धवट कुजलेली मासळी वितीभर मातीखालीं पुरली तर त्या रात्रीं गांवांतील सगळीं कुत्रीं पाहुणीं येणार, आळें उकरणार आणि रोपासकट माती चहूंकडे उडविणार. हेंच खत शेणाबरोबर व पाल्याबरोबर खड्ड्यांत दोन-तीन महिने पुरतें कुजवून, वास मेल्यावर घातलें तर एकही कुत्रें फिरकत नाहीं. हाडांच्या चुऱ्याचेंही तसेंच.

ह्या ठिकाणीं एक धोक्याची सूचना देणें आमचें कर्तव्य आहे. एरंडीच्या पेंडींत रिसिन नांवाचें जालीम विष असतें. घाण्यांत तेल निघून जातें, पण हें विष पेंडींतच राहतें. नुसती पेंड कुत्रें सहसा खात नाहीं. परंतु हाडांचा चुरा किंवा मासळी आणि एरंडीची पेंड एकत्र मिसळून टाकली कीं, हाडाच्या लोभानें तें पेंडही खातें व रक्ताची हगवण लागून मरतें. राखणीचें घरचें कुत्रें, दावें तोडून आलेली शेळी किंवा गाय ह्यांनाही तोच धोका. हीं दोन खतें एका वेळीं एका आळ्यांत देऊं नयेत. पेंड निराळी द्यावी, मातींत नीट मिसळावी आणि तिच्या गोणी जनावरांच्या तोंडापासून दूर ठेवाव्या.

मांजराचें कारण निराळें असतें. भाजीच्या रोपांसाठीं आपण वाफा खणतों, ढेकळें फोडतों, माती पिठासारखी मऊ करतों. आणि मांजरास विष्ठा पुरण्यास नेमकी तसलीच माती लागते. आपण गादीवाफा तयार केला कीं त्याच्या दृष्टीनें शौचकूप बांधून झाला. हा उपद्रव केवळ रोपें उपटण्यापुरता नाहीं. मांजराच्या विष्ठेंतून टॉक्सोप्लाझ्मा नांवाच्या रोगाचे जंतु पसरतात. ते ओलसर, सावलीच्या मातींत अनेक महिने जिवंत राहतात, आणि गर्भवती स्त्रीस बाधा झाली तर पोटांतील मुलास अपाय होऊं शकतो. विष्ठा पडल्यापासून ते जंतु बाधक होण्यास एक ते पांच दिवस लागतात. म्हणून ती रोजच्या रोज काढून टाकली तर धोका पुष्कळ कमी होतो. कुत्र्याच्या विष्ठेंतूनही जंत मातींत उतरतात. ज्यांच्या वाफ्यांतील कोथिंबीर, मुळा, पातीचा कांदा मुंबईच्या बाजारांत जाऊन कच्चा खाल्ला जातो, त्यांनीं ही गोष्ट नाजूक म्हणून टाळूं नये. निंदणी करणाऱ्या बायकांच्या हातांस मोजे द्यावे, आणि भाजी स्वच्छ पाण्यानें धुवावी, पाटांतल्या पाण्यानें नव्हे.

मांजरास बोलावणारें आणखी एक झाड आपल्याच वाफ्यांत उगवतें, तें म्हणजे खोकली. ह्या तणाचें मूळ उपटून टाकलें कीं त्याच्या वासानें मांजरें वेडीं होतात, त्यावर अंग घासतात, गडबडा लोळतात. युरोपांत कॅटनिप नांवाचें जें झाड मांजरांस झिंग आणतें, तें तर ह्या पळविणाऱ्या झाडाप्रमाणें तुळशीच्याच कुळांतलें. मांजर ओढून आणणारा वास पुष्कळांच्या परिचयाचा आहे व तो खरा ठरलेला आहे. पळविणाऱ्या वासाची मात्र जाहिरातच अधिक. निंदलेली खोकली वाफ्याशेजारीं टाकण्याची संवय ज्यांस असेल त्यांनीं ती आजपासून सोडावी. तेवढ्यानेंही पुष्कळ फरक पडेल आणि त्यास खर्च कांहीं नाहीं.

तरीसुद्धां मांजर अजिबात नको असें म्हणण्यापूर्वीं नारळाच्या बागेच्या मालकानें थोडा विचार करावा. उंदीर माडावर चढून कोंवळीं फळें पोखरतात, कणगींतील भात खातात. आणि उंदीर-घुशींच्या मूत्रांतून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस हा ताप पावसाळ्यांत खाचरांत काम करणाराचा प्राण घेऊं शकतो. मांजर वाफ्यांत नको, पण वाडींत असलें तर बिघडत नाहीं. म्हणून वाफा झांकावा, मांजर हांकूं नये, असें आमचें मत आहे.

राहतां राहिला मोकाट कुत्र्यांचा मोठा प्रश्न. तो एकट्या शेतकऱ्यानें निर्माण केलेला नाहीं, आणि कोणतेंही झाड लावून तो सुटणाराही नाहीं. मिरा-भाईंदरची नगरपरिषद १९८५ सालीं झाली, २८ फेब्रुवारी २००२ रोजीं महापालिका झाली, आणि २०११ च्या खानेसुमारींत येथील वस्ती आठ लाखांवर भरली. एवढ्या वस्तीचें उष्टें-खरकटें, बाजारांतील मासळीचा व मांसाचा गाळ जेथें जेथें उघड्यावर पडतो, तेथें तेथें कुत्र्यांचे कळप पोसले जातात. शहराचा कचरा उत्तनच्या धावगी डोंगरावर नेला जातो, व त्यांतून झिरपणारें पाणी खालच्या शेतांत आणि विहिरींत उतरतें ही तेथील ग्रामस्थांची तक्रार जुनी आहे. जेथें रोजचें अन्न आयतें मिळतें तेथून दहा कुत्रीं उचललीं तर दुसरीं दहा येऊन बसतात. काशीमिऱ्याच्या बाजूस तर ह्या साखळीस आणखी एक कडी आहे: संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेस कचऱ्याच्या मागें कुत्रीं येतात आणि कुत्र्यांच्या मागें बिबट्या येतो. उग्र वासाच्या रोपांची ओळ ह्यांपैकीं नक्की कोणास अडविणार?

कायदा काय म्हणतो हेंही माहीत असावें. प्राण्यांस क्रूरतेनें वागविण्यास १९६० च्या कायद्यानें बंदी आहे. भारतीय न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमान्वयें प्राण्यास ठार मारणें, विष घालणें किंवा जायबंदी करणें ह्यास पांच वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली आहे; ही संहिता १ जुलै २०२४ पासून अंमलांत आली. वैतागून भाकरींत औषध घालणारे लोक आहेत, त्यांनीं हें वाक्य दोनदां वाचावें. मोकाट कुत्र्यांस पकडून त्यांचें निर्बीजीकरण करणें व रेबीजची लस टोचणें हें काम २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनीं स्थानिक संस्थेकडे सोंपविलें आहे. सर्वोच्च न्यायालयानें २२ ऑगस्ट २०२५ रोजीं असें ठरविलें कीं, अशीं कुत्रीं लस टोचून व निर्बीज करून जेथून उचललीं तेथेंच परत सोडावीं, मात्र रेबीज झालेलीं अथवा अंगावर धांवून जाणारीं सोडूं नयेत. पुढें ७ नोव्हेंबर २०२५ च्या हुकुमानें शाळा, इस्पितळें, बस व रेल्वे स्थानकें अशा आवारांतून उचललेलीं कुत्रीं पुन्हां तेथें सोडण्यास मनाई केली. ह्या यादींत शेतें व वाड्या नाहींत. सबब गांवकऱ्यांनीं आपल्या प्रभागांत वर्षाकांठीं किती कुत्र्यांस लस टोचली हें महापालिकेस लेखी विचारावें व उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहावें. रेबीजची सांखळी तुटण्यास सुमारें सत्तर टक्के कुत्र्यांस लस टोचलेली असावी लागते. दहा-वीस टक्क्यांनीं कांहीं होत नाहीं.

जगांत दरवर्षीं रेबीजनें जे सुमारें ५९,००० लोक मरतात, त्यांपैकीं छत्तीस टक्क्यांच्या आसपास आपल्या देशांत मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. ह्या झाडाविरुद्ध आमचा मुख्य आक्षेप पैशाचा नाहींच. पैसे थोडेच जातात. रोपांची ओळ लावून झाली कीं मालकाच्या मनास वाटतें, आपण बंदोबस्त केला. मग फाटकाखालची फट तशीच राहते, मोडलेला बांध तसाच राहतो, गड्याचें मूल खळ्यांत निर्धास्त खेळतें. कुत्रें चावलें तर जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें निदान पंधरा मिनिटें धुवावी, तिला हळद, चुना, तिखट वगैरे कांहींएक लावूं नये, आणि त्याच दिवशीं इस्पितळांत जाऊन लस घेण्यास आरंभ करावा. कुत्रें घरचें होतें, खरचटलेंच आहे, असल्या सबबींनीं दिवस घालवूं नये. रोगाचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं कीं त्यापुढें उपाय उरत नाहीं.

आतां खऱ्या कुंपणाकडे वळूं. त्यांत नवें कांहीं नाहीं, आणि नवें नाहीं म्हणूनच त्याची जाहिरात होत नाहीं. बीं पेरतांच गादीवाफ्यावर बोरीच्या किंवा बाभळीच्या कांटेरी फांद्या आडव्यातिडव्या पसराव्या. मऊ मातीवर पाऊल टेकण्यास जागा न मिळाली कीं मांजर दुसरीकडे जातें. रोपें चार-सहा पानांचीं होऊन माती झांकली गेली म्हणजे फांद्या काढाव्या. ज्यांच्या वाडींत माड आहेत त्यांनीं झावळ्या विणून वाफ्याच्या चारी बाजूंस दीड हात उंचीचे झांप उभे करावे. पक्ष्यांसाठीं विकतात ती बारीक जाळी वाफ्यावर कमानी करून ताणली तर मांजर व कोंबडी दोन्हीं थांबतात. कुत्र्यांसाठीं तारेच्या जाळीचा खालचा कांठ वीतभर मातींत पुरावा, कारण कुत्रें उडी मारण्यापूर्वीं उकरून पाहतें. बांधावर करवंद किंवा सागरगोटा दाट लावावा. तयार होण्यास दोन-तीन पावसाळे लागतील, पण मग मुलांस करवंदेंही मिळतील.

वनस्पतींच्या द्रव्यांचा पिकास उपयोगच होत नाहीं, असें आमचें म्हणणें आहे अशी कोणी समजूत करून घेऊं नये. झेंडूच्या मुळांतील द्रव्य जमिनींतील सूत्रकृमींस मारक ठरतें, हें प्रयोगांनीं सिद्ध झालें आहे. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेनें टोमॅटोच्या सोळा ओळींमागें झेंडूची एक ओळ लावण्याची शिफारस केली. टोमॅटोचें रोप पंचवीस दिवसांचें व झेंडूचें चाळीस दिवसांचें घ्यावें, म्हणजे दोन्हीं एकाच वेळीं फुलांवर येतात आणि फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग टोमॅटो सोडून झेंडूवर अंडीं घालतो. परंतु ह्या दोन्ही उदाहरणांत काय घडतें तें पाहावें. एकांत मुळाशीं चिकटलेला कृमि विषानें मरतो, दुसऱ्यांत पतंग भुलून ओढला जातो. नाकास वाईट वाटून कोणी माघारा फिरला, असें दोहोंतही नाहीं. शिवाय दोन्हीं ठिकाणीं वयें, ओळी, अंतरें मोजून ठरविलेलीं आहेत. ह्या ‘चालता हो’ झाडाच्या बाबतींत अशी मोजणी आमच्या पाहण्यांत आलेली नाहीं.

तें झाड मात्र बिचारें निरपराधी आहे. त्याचे निळे तुरे सुरेख दिसतात, मधमाश्या त्यावर येतात, पाणी थोडें लागतें. फांदी खोंचली कीं आठ-पंधरा दिवसांत मुळें फुटतात. तेव्हां हौस असेल त्यानें एकच रोप घ्यावें, डझनानें घेऊं नयेत. नव्या झाडाविषयीं एरव्हींही थोडें सावध असावें. घाणेरी ही एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं बागेच्या शोभेसाठींच ह्या देशांत आणली गेली, आणि आज ती कोणत्या डोंगरावर नाहीं तें सांगणें कठीण आहे.

ज्यांस एवढें वाचूनही परीक्षा पाहण्याची इच्छा असेल, त्यांनीं ती नीट पाहावी. सारख्या मापाचे, एकमेकांपासून वीसएक हात दूर असे तीन वाफे घ्यावे व तिन्हींत एकच बीं पेरावें. हीं रोपें जमिनींत न लावतां कुंड्यांतच ठेवावीं आणि त्या कुंड्या पहिल्या वाफ्याभोंवतीं मांडाव्या. दुसऱ्यावर कांटेरी फांद्या पसराव्या. तिसरा उघडा ठेवावा. प्रत्येक वाफ्याच्या सभोंवार हातभर रुंदीची बारीक वाळूची पट्टी करून ती रोज सायंकाळीं फळीनें सारखी करावी, आणि सकाळीं पाणी देण्यापूर्वीं तींत उमटलेलीं पावलें मोजून वहींत मांडावीं. कुत्र्याच्या पावलांत नखांच्या खुणा उमटतात, मांजराच्या उमटत नाहींत, कारण चालतांना तें नखें आंत ओढून घेतें. चौदा रात्री झाल्या कीं कुंड्या उचलून तिसऱ्या वाफ्याभोंवतीं न्याव्या, पहिला उघडा सोडावा, व आणखी चौदा रात्री मोजावें. नाहीं तर एखादा वाफा मुळांतच मांजराच्या वाटेवर होता कीं काय हा संशय राहील. पहिल्या चार रात्रींची मोजणी निराळी लिहावी, म्हणजे बिचकणें किती व खरा प्रतिबंध किती हें उघड होईल. पावसाळ्यांत पावलें टिकत नाहींत, म्हणून हें काम दिवाळीनंतर हातीं घ्यावें. वहीची नक्कल मासिकाच्या पत्त्यावर आली तर निकाल कोणत्याही बाजूचा असो, ती आम्ही छापूं.